जखमी क्रमांक पाच

मास्तरांच्या कादंबरीत गेली नऊ वर्षं वादळ घोंगावत होतं, आणि खुद्द मास्तरांना मात्र बंदरात बांधून ठेवलेल्या होडीत पाय टाकला तरी मळमळायचं. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. घराबाहेर कुणाला कळू नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

एकतीस वर्षं त्यांनी शाळेत भूगोल शिकवला होता. फळ्यावर खडूनं इतकी वादळं काढली होती की डोळे मिटून काढली असती. निवृत्त झाल्यावर त्यांनी मनाशी ठरवलं, की समुद्रातल्या वादळावर आणि त्यात उडी घालून माणसं वाचवणाऱ्यांवर एक कादंबरी लिहायची. आणि लिहायची तर अशी, की समुद्रावर जन्म काढलेल्या माणसालाही बोट ठेवायला जागा सापडू नये. मग काय विचारता! लाटांच्या उंचीचे तक्ते, जुन्या अपघातांचे अहवाल, दोराच्या गाठींची चित्रं, असं सगळं बुटांच्या रिकाम्या खोक्यांत भरून पलंगाखाली जमायला लागलं. बायको केर काढायला आली की म्हणायची, "तुमचा समुद्र जरा पलीकडे सरकवा, मला झाडायचंय."

बंदरावरच्या बचाव केंद्राला तर त्यांनी पत्रांनी भंडावून सोडलं होतं. बुडणारा माणूस आधी काय ओरडतो? दोर हाताला किती काचतो? केंद्रप्रमुख मोठा सोशिक माणूस. दोन वर्षं त्यानं उत्तरं दिली आणि एके दिवशी फोनच केला.

"मास्तर, पत्रं पुरे झाली. पुढच्या आठवड्यात आमचा वार्षिक सराव आहे. जखमी व्हायला माणसं कमी पडतायत. येता का?"

मास्तर हो-नाही करत राहिले. बायकोनं फोनजवळ उभं राहून सगळं ऐकलं होतं. "जा," ती म्हणाली. "नऊ वर्षं नुसते कागद भिजवलेत. एकदा स्वतः भिजून या."

सराव असायचा तो असा. बंदराच्या तोंडाबाहेर एक जुनं मालवाहू जहाज नांगरून ठेवलेलं होतं. इंजिन कधीच काढून नेलेलं, अंगभर गंज चढलेला. त्या जहाजावर सहा खोटे जखमी ठेवायचे, प्रत्येकाच्या गळ्यात एक कार्ड अडकवायचं, आणि बचाव नौकेनं येऊन एकेकाला शोधून बाहेर काढायचं. मास्तरांच्या कार्डावर लिहिलं होतं : 'जखमी क्रमांक पाच. पुरुष. डावा पाय मोडलेला. घाबरलेला.'

"पाय मोडलेला कळलं," मास्तर हसून म्हणाले, "पण घाबरलेला म्हणजे नक्की काय करायचं?"

"सहाव्या नंबरला विचारा," केंद्रप्रमुख म्हणाला. "मावशी अकरा वर्षं जखमी होतायत."

मावशी म्हणजे बंदराजवळच्या गल्लीतली शिंपीणबाई. पन्नाशी उलटलेली, ठेंगणी, सदा दातांनी दोरा तोडल्यासारखं बोलणं. लोकांच्या विजारी आखूड करणं, चेन बदलणं हा तिचा धंदा. पण केंद्राची लाइफ जॅकेटंही तिच्याकडेच दुरुस्तीला यायची. गावानं तिला मावशी करून टाकलं होतं, त्यामुळे तिच्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे मास्तरही तिला मावशीच म्हणाले.

दोघांना जहाजाच्या पोटातल्या एका खोलीत बसवलं. खोली म्हणजे काय, दोन हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावेत एवढी. एकावर एक दोन लोखंडी फळ्या, एक ताटाएवढी गोल खिडकी, आणि जाड लोखंडी दार. मास्तरांनी वही काढली आणि लिहायला घेतलं : जुन्या तेलाचा वास. भिंतीला घाम.

"मावशी, तुम्ही दर वर्षी का येता?"

"हे शिवते ना मी." तिनं आपल्या लाइफ जॅकेटच्या पट्ट्यात बोट घातलं. "दुकानात बसून पट्टा चांगलाच दिसतो. अंगात घालून चार तास पडून राहिलं की कळतं कुठे काचतो ते. बचाववाले सांगत नाहीत. त्यांना लाज वाटते, एवढ्याशा गोष्टीचं काय रडायचं म्हणून. मग मी येते आणि पडते."

मास्तरांनी हे वाक्य लिहून घेतलं नाही. नंतर त्याचं त्यांना फार वाईट वाटलं.

पहिले चार जखमी अर्ध्या तासात उतरवले गेले. वरून पायांचा धडधडाट, आरोळ्या, सगळं यथासांग चाललं होतं. आणि मग एकदम शांत झालं. जरा वेळानं बचाव नौकेचा सुकाणूवाला स्वतः धावत खाली आला. उंचापुरा माणूस, दारातून वाकून त्यानं डोकं आत घातलं.

"खरा कॉल आलाय. मासेमारीची बोट, इंजिन बंद, खडकांकडे वाहत चाललीय. पाच माणसं आहेत. आमची दुसरी नौका दुरुस्तीला गेलीय, त्यामुळे मलाच जायला हवं. तुम्हाला वर काढून बसवत राहिलो तर दहा मिनिटं जातील. इथे सुरक्षित आहात. मावशी, वायरलेसचा हँडसेट तुमच्याकडे. तासा-दीड तासात येतो."

"जा रे बाबा," मावशी म्हणाली. "आम्ही कुठे पळून चाललोय?"

तो गेला. संध्याकाळी येणार म्हणून सांगितलेलं वादळ दुपारीच येऊन ठेपलं होतं. जहाज हेलकावायला लागलं. उघड्या दारातून पाण्याचे सपकारे बोळातून आत यायला लागले आणि मास्तरांची वही भिजली. ते उठले आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

"अहो, दार नका ओढू!" मावशी ओरडली, पण तोवर बाहेरचा जड दांडा खाडकन खाली पडला होता.

आतून दाराला मूठच नव्हती. मुठीच्या जागी नुसतं एक चौकोनी भोक होतं. मास्तरांनी त्यात बोट घातलं, पेन घातलं, बेल्टचं बक्कल घातलं. पेन मोडलं. दार जागचं हललं नाही.

मावशीनं हँडसेटचं बटण दाबलं. "पाच आणि सहा बोलतोय. आमचं दार बाहेरून अडकलंय. दोघं ठीक आहोत."

केंद्रातून आवाज आला, "ऐकलं, मावशी. नौका परत आली की आधी तुमच्याकडे. आता मधे बोलू नका, खरं काम चालू आहे."

"बरं," म्हणून तिनं बटण सोडलं, हँडसेट मांडीवर ठेवला आणि मास्तरांना एकदाच काय ते सांगितलं. "हे वायरलेस सगळ्यांचं एकच असतं. एक जण बोलत असला की बाकीच्यांनी तोंड मिटून ऐकायचं. आपण बटण दाबलं तर त्यांचं बोलणं त्यांना ऐकू जात नाही. कळलं?"

"मला ठाऊक आहे," मास्तर म्हणाले. आणि खरंच ठाऊक होतं. सतराव्या प्रकरणात त्यांनी ते सविस्तर लिहिलं होतं.

पहिला तास मास्तर जवळजवळ खुशीत होते. हँडसेटमधून सुकाणूवाल्याचा आवाज येत होता, मधूनच त्या मासेमारी बोटीच्या कप्तानाचा. नऊ वर्षं ज्यासाठी झुरलो, ते आपल्या मांडीशी येऊन बोलतंय, असं त्यांना वाटलं. पण पेन मोडलेलं, वही भिजलेली, आणि पोटात ढवळायला लागलेलं. मावशीनं कोपऱ्यातला एक डबा पायानं त्यांच्याकडे सरकवला. मास्तर त्यात ओकले. दुसऱ्यांदा ओकले. तिसऱ्यांदा काही उरलं नव्हतं तरी ओकले.

"लाजू नका," ती म्हणाली. "माझ्या पहिल्या वर्षी मी कार्डावर ओकले होते."

दुसऱ्या तासाला दाराखालून पाणी आत आलं. आधी एक पातळ रेघ, मग थारोळं, मग पायांच्या बोटांपर्यंत. खिडकी कधी आभाळ दाखवायची, कधी हिरवंगार पाणी. पाणी दाखवायला लागली की खोलीत अंधारून यायचं आणि मास्तर श्वास रोखून धरायचे, जणू त्यांनी श्वास सोडला तर जहाज वर यायचंच नाही. भिंती जवळ आल्यासारख्या वाटत होत्या. त्यांनी हातानं मोजून पाहिलं. तेवढ्याच होत्या. जरा वेळानं पुन्हा मोजून पाहिलं.

"मावशी, नांगर धरून आहे ना?"

"मला काय विचारता? मी शिंपीण."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते की. पण भीती वाटली म्हणून दार थोडंच उघडणार आहे?"

तेवढ्यात खालून आवाज आला. कुणीतरी प्रचंड लोखंडी कढई दगडी फरशीवरून ओढत न्यावी तसा. सगळं जहाज थरथरलं आणि हळूहळू एका अंगावर कललं. कललं ते कललंच, परत सरळ झालं नाही. मावशी फळीवरून घसरून मास्तरांच्या अंगावर आली. पाणी खोलीच्या खालच्या कोपऱ्यात धावलं आणि मास्तरांच्या गुडघ्यांना लागलं.

नांगर सुटून जहाज वाळूच्या दांड्यावर टेकलं होतं. आता ते बुडणार कुठे? उलट आता ते जास्तच सुरक्षित होतं. पण हे नंतर कळलं. त्या क्षणी मास्तरांना एवढंच कळलं, की पाणी गुडघ्याशी आहे, दाराला मूठ नाही, आणि जगात कुणालाही त्यांच्याकडे यायला सवड नाही.

हँडसेट मावशीच्या हातून सुटून फळीवर पडला होता. त्यातून सुकाणूवाल्याचा आवाज येत होता, शांत, एकेक शब्द सुटा : "आता ऐका. मी बोट लावतोय तुमच्या—"

मास्तरांनी हँडसेट उचलला आणि बटण दाबलं.

"आम्ही बुडतोय! इकडे या! आधी इकडे या, आम्ही आत अडकलोय, पाणी भरतंय! कुणी आहे का? आधी इकडे या!"

"मास्तर, सोडा! सोडा ते!" मावशीनं त्यांच्या मनगटाला धरलं. ते सोडेनात. शेवटी तिनं त्यांच्या अंगठ्याला चावा घेतला, तेव्हा बटण सुटलं.

हँडसेटमधून एकदम पुष्कळ आवाज बाहेर आले. कुणीतरी ओरडत होतं, "उजवीकडून नको! उजवीकडून नको!" मग एक लांबलचक, अर्थ नसलेला आवाज. मग वाऱ्याचा घोंघाट. मग सुकाणूवाला, तसाच शांत, पण आता घाईनं : "एक जण मधे सापडलाय. बोट मागे घेतोय. दोर द्या. दोर."

मावशीनं हँडसेट मास्तरांच्या हातातून काढून घेतला, जॅकेटच्या आत छातीशी धरला आणि खोलीच्या वरच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीला पाठ लावून बसली. मास्तर म्हणाले, "मावशी, मला वाटलं..." तिनं मान खिडकीकडे फिरवली. पाणी गुडघ्याच्या वर चढलं नाही, तेवढंच राहिलं. पाणी चढलं असतं तर बरं झालं असतं, असंही एकदा त्यांच्या मनात येऊन गेलं.

दोन तास दोघं त्या खोलीत तशीच बसली. दोघांमध्ये हातभर अंतर. एवढ्याशा जागेत माणसाकडे पाहायचं नाही म्हटलं तर पाहायचं कुठे? मास्तरांनी दारावरच्या खिळ्यांची डोकी मोजली. चौसष्ट. अंगठ्यावर दातांची खूण उमटली होती. शाळेत असताना ते मुलांना सांगत, चूक झाली तर उभं राहा आणि सांगा, मोकळे व्हाल. इथे उभं राहायलाही जागा नव्हती. आणि जिला सांगायचं, तिनं तर डोळ्यांनी पाहिलं होतं.

चारच्या सुमाराला बाहेर हातोड्याचे घाव पडले आणि दार उघडलं. सुकाणूवाला होता. चेहरा राखेसारखा झालेला, डोळे मिठानं लाल.

"दोघं ठीक?"

"ठीक," मावशी म्हणाली.

त्यानं मास्तरांच्या काखेत हात घालून त्यांना उचललं. कार्डावर लिहिलं होतं त्याहून ते बरेच जास्त घाबरलेले होते, पण आता ते तपासायला कुणी नव्हतं.

बंदरावर माणसं जमली होती. बायको सगळ्यांत पुढे. मास्तर खाली उतरले तशा कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. चार तास अडकलेला म्हातारा मास्तर जिवंत परत आला होता, लोकांना आणखी काय हवं? बायकोनं रडत रडत त्यांच्या अंगावर घोंगडी घातली आणि म्हणाली, "आता लिहा म्हणावं कादंबरी!" पलीकडे एक रुग्णवाहिका उभी होती. तिची दारं बंद झाली आणि ती निघून गेली. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

पाचांपैकी पाचही वाचले. एका खलाशाचा पाय मासेमारीची बोट आणि खडक यांच्यामध्ये सापडून चिरडला होता. मास्तरांनी हे बायकोकडूनच ऐकलं. बायकोनं दूधवाल्याकडून ऐकलं होतं. "देवाची कृपा, जीव तरी वाचला," ती म्हणाली. मास्तर न्हाणीघरात गेले, दार लावलं, लगेच उघडलं, आणि दार उघडं ठेवूनच अंघोळ केली.

आठवड्यानं केंद्रप्रमुखानं जबाबासाठी बोलावलं. टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर नकाशा. असले नकाशे मास्तरांकडे पलंगाखाली तीन होते.

"खऱ्या कॉलचं सगळं बोलणं आमच्याकडे टेप होतं," केंद्रप्रमुख म्हणाला. "एक जागा ऐकवतो. आवाज ओळखायचा, एवढंच."

त्यानं बटण दाबलं. सुकाणूवाला म्हणाला, "आता ऐका. मी बोट लावतोय तुमच्या—" आणि त्यावर धाडकन एक दुसरा आवाज आदळला. मास्तरांनी आपला आवाज असा कधी ऐकला नव्हता. बारीक, चिरका, लहान मुलासारखा. आधी इकडे या. आधी इकडे या. त्याखाली, जवळजवळ न ऐकू येणारं, सुकाणूवाल्याचं बोलणं चालूच होतं. मास्तर कान देऊन ऐकायला लागले, पण शब्द कळले नाहीत.

"अकरा सेकंद," केंद्रप्रमुख म्हणाला. "हा आवाज कुणाचा?"

"माझा."

केंद्रप्रमुखानं ते लिहून घेतलं. मास्तर वाट पाहत राहिले. तो रागावेल, टेबलावर हात आपटेल, निदान खुर्चीतून उठेल तरी. तो म्हणाला, "चूक आमची आहे. तुम्हाला तिथे ठेवून जायला नको होतं. यापुढे जखमींच्या जागी बाहुल्या ठेवणार आहोत. तसा आदेश आलाय. सही करा."

"मला काही शिक्षा?"

"तुम्ही काय आमच्या नोकरीत आहात? आणि मास्तर, मावशींनी जबाबात लिहून दिलंय, की हँडसेट माझ्या ताब्यात होता आणि तो मी नीट सांभाळला नाही."

मास्तर तिथून उठले ते थेट मावशीच्या दुकानात गेले. ती मशीनवर होती. पायाखाली कापडाच्या चिंध्या, समोर कुणाची तरी विजार.

"तुम्ही असं का लिहून दिलंत? चूक माझी होती."

"खोटं काय लिहिलं?" तिनं मशीन थांबवलं नाही. "हातातून सुटला होता की नाही? तुमचं तुम्ही लिहा, माझं मी लिहिलं."

"मला काय करावं कळत नाही, मावशी."

आता तिनं मशीन थांबवलं. "अकरा वर्षांची माझी जागा गेली. आता बाहुल्या पडणार तिथे. बाहुलीला पट्टा काचतो का कधी? तो राग मला आहे, आणि तो मी गिळीन. पण तुम्ही माझ्याकडे काय आलात? ज्याचा पाय गेला, त्याचं घर माझ्या घरापासून चार गल्ल्यांवर आहे. तिकडे जा."

मास्तर तिकडे गेले. लगेच नाही. तीन दिवस गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आले. घरी बायकोला म्हणायचे, फिरायला गेलो होतो. चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "तुमचं काहीतरी बिनसलंय. मला सांगायचं असलं तर सांगा, नसलं तर नीट जेवा तरी." मास्तरांनी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "उद्या मी येऊ का बरोबर?" मास्तर म्हणाले, "नको. पण आज विचारलंस ते बरं झालं."

खलाशी चाळिशीतला माणूस होता. खिडकीजवळ पलंग, पायाला लोखंडी सांगाडा, त्यातून हाडापर्यंत गेलेल्या सळया. पलीकडे जमिनीवर दोन मुली गृहपाठ करत होत्या. त्याच्या बायकोनं खुर्ची दिली. मास्तर बसले नाहीत.

"त्या दिवशी वायरलेसवर मधेच ओरडला तो मी," ते म्हणाले.

मुलींनी वर पाहिलं. आईनं त्यांना आतल्या खोलीत जायला सांगितलं.

खलाशानं मास्तरांना नीट न्याहाळलं. "मला वाटलं होतं कुणी तरुण पोरगा असेल," तो म्हणाला. "बसा हो. उभं राहून पाय दुखतील. माझ्या घरात एकाचा दुखतोय तेवढा पुरे."

मास्तर बसले.

"डावी बाजू का उजवी, ते कळलं नाही," खलाशी म्हणाला. "आमचा कप्तान माझ्या दंडाला धरून होता, म्हणत होता थांब, पुन्हा सांगतील, थांब. मी झटका देऊन सुटलो आणि उडी घेतली. बाकीचे चौघे थांबले. ते आज कामावर गेलेत."

"पण मी बोललो नसतो तर..."

"तर मी बरोबर बाजूनं उडी घेतली असती. हो." त्यानं ते लपवलं नाही. "तुम्हाला कुणी थांब म्हणणारं होतं का?"

"होतं."

"मग झालं तर. तुम्हालाही होतं, मलाही होतं. तुम्हाला शिव्या मी रोज घालतो, ते खोटं सांगणार नाही. पण शिव्या घालताना मधेच माझाही नंबर लागतो."

त्याची बायको दारात उभी होती. ती पहिल्यांदाच बोलली. "तुम्ही पुस्तक लिहिताय म्हणे. हे लिहिणार त्यात?"

मास्तरांनी मान खाली घातली. खरं म्हणजे त्या खोलीतून सुटल्यापासून त्यांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. बुटांच्या खोक्यांतलं सगळं एका बाजूला आणि ती ताटाएवढी खिडकी एका बाजूला. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांना काहीतरी खरं माहीत झालं होतं.

"तुम्ही नको म्हणालात तर नाही लिहिणार."

"नको," ती म्हणाली. "माझ्या मुली मोठ्या होतील. त्यांच्या बापाचा पाय कुणाच्या तरी पुस्तकात सापडायला नको."

"नाही लिहिणार."

"दार नाही, खोली नाही, वायरलेस नाही?"

"काहीच नाही."

झालं. मास्तरांनी शब्द दिला आणि त्या शब्दानं ते पुरते बांधले गेले. घरी जाऊन त्यांनी कादंबरीचे गठ्ठे काढले. त्यांचा नायक एका प्रकरणात जहाजाच्या खोलीत सहा तास अडकतो आणि सोबतच्या माणसांना धीर देतो. ते प्रकरण त्यांनी उभं फाडलं. त्याच्या जागी जे लिहायला हवं होतं ते लिहायची सोय नव्हती. चार महिने कागदाला हात लागला नाही.

मग खलाशाचा निरोप आला. घरात बसून डोकं फिरायची वेळ आली आहे, समुद्राबद्दल काही विचारायचं असेल तर रविवारी या. ते सोडून बाकी सगळं सांगतो.

मास्तर जायला लागले. खलाशी भरभरून बोलायचा. लाट येण्याआधी पाण्याचा रंग कसा बदलतो, ओला दोर रात्रभर हातात धरला की सकाळी मूठ कशी उघडत नाही, भुकेल्या पोटी बोटीवर कसले विनोद चालतात. जे शोधायला मास्तरांनी नऊ वर्षं घालवली ते आयतं समोर येऊन पडत होतं, आणि तेही ज्याचं आपण नुकसान केलं त्याच्याच तोंडून. प्रत्येक वाक्य लिहून घेताना त्यांना लोखंडी सांगाड्याकडे पाहावं लागायचं, कारण तो वहीच्या आणि खलाशाच्या चेहऱ्याच्या बरोबर मध्ये यायचा. खलाशाची बायको चहा आणून ठेवायची आणि एक शब्द न बोलता आत जायची. असे सहा रविवार गेले.

सातव्या रविवारी खलाशी एका जुन्या वादळाची हकीकत सांगत होता, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातली. "वारा नैर्ऋत्येचा होता," तो म्हणाला, आणि मास्तरांनी तसं लिहिलं.

"दक्षिणेचा होता," आतून आवाज आला.

"तुला काय माहीत? बोटीवर मी होतो."

"आणि गच्चीवर मी होते. चादरी दोरीवरून सुटून मागच्या घराच्या छपरावर गेल्या. नैर्ऋत्येचा असता तर रस्त्यात पडल्या असत्या."

मास्तरांनी 'नैर्ऋत्य' खोडलं आणि वर 'दक्षिण' लिहिलं. मग वहीवरून मान न उचलता त्यांनी विचारलं, "आणि मग? चादरी कुणी काढल्या?"

थोडा वेळ आत भांड्यांचा आवाज झाला. मग ती पदराला हात पुसत बाहेर आली, मुलींच्या पाटावरची दप्तरं बाजूला सारून बसली, आणि सांगायला लागली.